दुकानदारीतील गनिमी कावा : थोड्या पैशांत गिऱ्हाईक कसे जोडावे?



गुरुवारी किंवा गुरुपौर्णिमेला अक्कलकोटला जो येतो त्याला एक गोष्ट लगेच दिसते. पुण्या-मुंबईच्या गाड्या, सोलापूरची एस.टी., कर्नाटकाच्या बसेस यांतून हजारो माणसे उतरतात, वटवृक्ष स्वामी मंदिराकडे जातात, अन्नछत्रात जेवतात आणि पुढे गाणगापूर किंवा तुळजापूरच्या वाटेला लागतात. मंदिराच्या रस्त्यावरच्या दुकानांतून थोडीफार खरेदी होते. पण त्याच रस्त्यापासून दोन गल्ल्या आत बसलेला शिंपी, गादीवाला, बांगडीवाला, बेकरीवाला सकाळपासून दुकान उघडून रस्त्याकडे नजर लावून असतो. गर्दी गावात आहे, गिऱ्हाईक दुकानात नाही. गावातला माणूस म्हणावा तर तो लग्नाचा बस्ता बांधायला चाळीस किलोमीटरवरचे सोलापूर गाठतो, आणि त्याचा मुलगा घरी बसून मोबाइलवर माल मागवतो.

अशा वेळी आपला बांधव बहुधा दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर भाव पाडतो. शेजारचा त्याच्याहून पाडतो, आणि वर्षभरात दोघांच्याही गल्ल्यात भाड्यापुरते पैसे उरत नाहीत. नाही तर तो उसनवारी करून एकदम मोठी जाहिरात करतो. चौकात फ्लेक्स लावतो, रिक्षावर भोंगा बांधून गावभर फिरवतो. फ्लेक्स पंधरा दिवसांत फाटतो, भोंग्याचा आवाज संध्याकाळी विरतो, उसने तेवढे शिल्लक राहतात. या दोहोंखेरीज तिसरा एक मार्ग आहे आणि तो आपल्या ऐपतीतला आहे. त्याविषयी या लेखात लिहीत आहोत.

या मार्गाला अमेरिकेतील जे कॉनराड लेव्हिन्सन नावाच्या जाहिरात व्यवसायातील लेखकाने 1984 साली एक पुस्तक लिहून ‘गुरिल्ला मार्केटिंग’ असे नाव दिले. गुरिल्ला म्हणजे गनिमी कावा लढणारा. ज्याच्याकडे पैसा कमी आहे त्याने पैशाच्या जागी वेळ, डोके आणि ओळखी वापराव्यात, मोठ्या कंपनीशी तिच्या मैदानावर न लढता आपल्या गल्लीत लढावे, एवढाच त्याचा सारांश. नाव परदेशी असले तरी दख्खनच्या माणसाला हे नवीन नाही. अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर मलिक अंबर हा हबशी गुलाम म्हणून या देशात आला. त्याच्या हाती मोगलांएवढे सैन्य नव्हते, तोफखाना नव्हता. त्याने समोरासमोर लढाई टाळली. मराठे घोडेस्वार हाताशी धरले, शत्रूची रसद तोडली, डोंगर आणि पाणवठे आपल्या बाजूने वापरले, आणि 1624 मध्ये भातवडीला मोगल व आदिलशाही यांच्या एकत्र फौजेला हरवले. पुढे याच मुलखात शिवाजी महाराजांनी हे युद्धतंत्र पूर्णत्वास नेले. मलिक अंबरला आपला मुलूख शत्रूपेक्षा जास्त माहीत होता. अक्कलकोटच्या दुकानदारालाही अक्कलकोट कोणत्याही ऑनलाइन कंपनीपेक्षा जास्त माहीत आहे. त्या माहितीचा उपयोग तो किती करतो, हा प्रश्न आहे.

नांगर खपत नव्हता तेव्हा

आपल्याच भागातले एक उदाहरण पाहू. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी 1888 साली बेळगावात सायकलचे दुकान काढले आणि पुढे लोखंडी नांगर बनवायला घेतला. नांगर चांगला होता, पण घ्यायला कोणी तयार नव्हते. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची पक्की समजूत होती. पहिले नांगर विकले जायला दोन वर्षे लागली असे सांगतात. अशा वेळी वर्तमानपत्रात कितीही मोठी जाहिरात दिली असती तरी काय फरक पडला असता? शेतकऱ्याच्या मनात भीती होती, आणि भीती जाहिरातीने जात नाही. ती शेजारच्या रानात नांगर चाललेला आणि पीक आलेले पाहिल्यावर जाते.

1910 साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांचे शिक्षण चित्रकलेचे होते. त्यांच्याकडे कारखान्याच्या जाहिरातीचे काम आले. 1920 साली त्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ नावाचे एक छोटे मासिक काढले. मूळ हेतू कारखान्याची व मालाची माहिती गिऱ्हाइकांना व एजंटांना कळावी हाच. पण नुसती मालाची यादी कोण वाचणार? म्हणून त्यात वाचनीय मजकूर येऊ लागला, आणि हेच ‘खबर’ पुढे ‘किर्लोस्कर’ नावाचे मराठीतले नामांकित मासिक झाले. त्याच्या सोबत 1930 मध्ये ‘स्त्री’ आणि नंतर ‘मनोहर’ ही मासिके निघाली. नांगर, चरक, पंप यांचे नाव ज्या घरांत वर्तमानपत्रही जात नव्हते अशा घरांत मासिकाबरोबर गेले. आजकाल ज्याला कंपन्या लाखो रुपये देऊन ‘स्टोरीटेलिंग’ म्हणतात, ते एका खेड्यातल्या कारखान्याने शंभर वर्षांपूर्वी केले होते.

आपला एखादा बांधव म्हणेल, ते कारखानदार, आम्ही एका शिलाई मशीनचे मालक. ठीक आहे. मग मिरजेला चला.

शिकलगारांची सतार

मिरजेत एकोणिसाव्या शतकात शिकलगार मंडळी तलवारी, भाले यांना धार लावण्याचे, शस्त्रे दुरुस्त करण्याचे काम करीत. इंग्रजी अंमल आला, संस्थानांच्या फौजा आटल्या, तलवारीला गिऱ्हाईक राहिले नाही. पिढ्यान् पिढ्यांचा धंदा डोळ्यांदेखत बसला. आज ज्याचे दुकान ऑनलाइनमुळे बसले आहे त्याने हा प्रसंग नीट समजून घ्यावा. 1850 च्या सुमारास फरीदसाहेब नावाच्या कारागिराने गवयांची तंतुवाद्ये दुरुस्त करायला घेतली, मग तंबोरे व सतारी स्वतः बनवल्या. लोखंड घासणारा हात भोपळा आणि लाकूड घासू लागला. त्यांचे आडनावच पुढे सतारमेकर झाले. आजही मिरजेत त्यांच्या वारसांची व इतर कारागिरांची दुकाने ओळीने आहेत, आणि मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. विशेष म्हणजे या वाद्यांना लागणारे मोठे भोपळे आपल्याच सोलापूर जिल्ह्यात, मंगळवेढा-पंढरपूर भागात पिकतात.

या कारागिरांनी मोठमोठ्या जाहिराती केल्याचे ऐकिवात नाही. मग देशभरचे गवई मिरजेला का जातात? एक तर माल पक्का. तंबोऱ्याच्या घोडीची जवारी काढणे हे कानाने करायचे काम आहे, त्याला यंत्र नाही. गवई दुकानात येऊन बसतो, तार छेडतो, नाही म्हणतो. कारागीर पुन्हा घासतो. तास जातात. त्या तासांत गवई जे डोळ्यांनी पाहतो ते तो आयुष्यभर आपल्या शिष्यांना सांगत राहतो. शिष्य पुढे त्याच दुकानात येतो. दुसरे असे की, ‘तलवारीला धार लावणाऱ्यांनी सतार केली’ ही हकीकत एका वाक्यात सांगता येते आणि ऐकणारा ती विसरत नाही. ती खरी आहे, आणि सांगणाऱ्याला तिचे पैसे पडत नाहीत.

तेव्हा हकीकत म्हणजे नटवलेले भाषण नव्हे. आपल्या मालामागे कोणाचे हात आहेत, तो इथेच का होतो, आणि अडचण आली तेव्हा आपण काय केले, एवढे गिऱ्हाइकाला साध्या शब्दांत कळले की काम झाले.

आमची फजिती

दुसऱ्याच्या गोष्टी सांगणे सोपे असते, म्हणून आमचीही सांगतो.

दहा-बारा वर्षांपूर्वी आमच्या गादी-उशीच्या दुकानात धंदा मंदावला होता. कोणी तरी सल्ला दिला की, जुने दुकान म्हटले की लोक विश्वास ठेवतात. आम्ही लगेच नवा बोर्ड रंगवून घेतला : ‘आजोबांच्या काळापासून आपल्या सेवेत’. त्याच मजकुराची दोन हजार हँडबिले छापली आणि गुरुवारी मंदिराच्या रस्त्यावर दोन पोरांना वाटायला उभे केले. संध्याकाळी निम्मी हँडबिले गटारात दिसली. यात्रेकरूला गादी कशाला हवी, हा विचार आमच्या डोक्यात आधी यायला हवा होता. पण खरी फजिती त्यानंतर झाली.

गावातले एक वयस्क लिंगायत गृहस्थ, ज्यांना आम्ही लहानपणापासून आप्पा म्हणतो, उशीचे अभ्रे न्यायला आले. बोर्डाकडे बघून म्हणाले, “काय रे, आजोबांच्या काळापासून म्हणजे? तुझे आजोबा टांगा चालवायचे. अक्कलकोट रोड स्टेशनवरून मी स्वतः त्यांच्या टांग्यात बसून गावात आलोय. गादीचं दुकान तुझ्या बापानं काढलं.” दुकानात तेव्हा आणखी दोन गिऱ्हाइके बसली होती. आम्हाला कुठे तोंड लपवावे असे झाले. आम्ही कसेबसे म्हणालो, “आप्पा, बोर्डावर असं लिहायची पद्धत असते.” ते म्हणाले, “पद्धत असेल. पण टांगा वाईट होता का?”

त्या रात्री वडिलांना विचारले तेव्हा सगळी हकीकत कळली. रेल्वेचे स्टेशन गावापासून दूर. आजोबा स्टेशनवरून यात्रेकरूंना गावात आणत. टांग्याची गादी बसून बसून दबली की वडील, तेव्हा वय वर्षे तेरा-चौदा, ती उसवून कापूस पिंजून पुन्हा भरत. इतर टांगेवाल्यांनी ते काम पाहिले आणि आपापल्या गाद्या आणून दिल्या. एस.टी. आणि रिक्षा वाढल्या तसा टांगा बंद पडला, पण गाद्या भरण्याचे काम सुरू राहिले, त्याचेच पुढे दुकान झाले. हे आमच्याच घरात होते आणि आम्हाला माहीत नव्हते! आम्ही बोर्ड पुन्हा रंगवला. ‘टांग्याच्या गादीपासून सुरुवात’ असे त्यावर लिहिले आणि पेंटरकडून कोपऱ्यात एक छोटा टांगा काढून घेतला. पेंटरने टांग्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. त्याचे आजोबाही त्यात बसलेले निघाले. त्यानंतर गावातली वयस्क माणसे दुकानापुढे थांबू लागली. कोणी आत येऊन टांग्याच्या आठवणी सांगे, आणि जाता जाता जुनी गादी दुरुस्तीला पाठवतो म्हणे. म्हणाल तर जाहिरात, म्हणाल तर गप्पा. खोट्या वाक्याने जे झाले नाही ते खऱ्याने झाले.

मर्यादा कोणती?

इथे थोडे थांबून आपल्या दीनचे काय म्हणणे आहे ते पाहिले पाहिजे, कारण जाहिरात म्हटली की जीभ सैल सुटते. प्रेषित मुहम्मद (स.) स्वतः व्यापारी होते, आणि हजरत खदीजा (रजि.) यांचा माल घेऊन ते गेले तेव्हा त्यांची कीर्ती ‘अमीन’ म्हणून आधीच पसरलेली होती. व्यापाऱ्याचे नाव हेच त्याचे भांडवल, हे त्यांच्या जीवनावरून दिसते. हदीसमध्ये प्रसंग आहे की, बाजारात धान्याच्या राशीत त्यांनी हात घातला तेव्हा आत ओल लागली. विक्रेता म्हणाला, पाऊस लागला. त्यावर त्यांनी ओला भाग वर का ठेवला नाहीस असे विचारले आणि फसवणूक करणारा आपल्यातला नव्हे असे बजावले. आजचा फोटो म्हणजे राशीचा वरचा थरच आहे. मोबाइलवर कापडाचा रंग खुलवून टाकायचा आणि दुकानात दुसराच रंग दाखवायचा, ही ओली रास झाकणेच झाले.

दुसरी गोष्ट ‘नजश’ची. लिलावात स्वतःला माल घ्यायचा नसताना केवळ भाव वाढावा म्हणून बोली लावणे याला प्रेषितांनी (स.) मनाई केली आहे. आज बाजारात पैसे देऊन खोटे शेरे लिहवून घेण्याची चाल पडली आहे. भाच्याला सांगून गुगलवर दुकानाला पाच तारे द्यायला लावणे, न आलेल्या गिऱ्हाइकाच्या नावाने स्तुती टाकणे, दुकानापुढे ओळखीची माणसे उभी करून गर्दी दाखवणे, हे सारे आमच्या मते त्याच जातीचे आहे. विद्वानांनी यावर सविस्तर बोलावे. पण व्यापारी दृष्टीनेही यात तोटाच आहे, कारण अक्कलकोटसारख्या गावात तो भाचा कोणाचा हे सर्वांना माहीत असते.

इमाम अबू हनीफा (रह.) कूफा शहरात कापडाचे व्यापारी होते. त्यांच्या भागीदाराने दोष असलेले कापड, तो दोष सांगायचा राहून गेल्याने, तसेच विकले. गिऱ्हाईक सापडेना, तेव्हा इमामसाहेबांनी त्या विक्रीचा पैसा दान करून टाकला असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. बारा-साडेबारा शतकांनंतरही ही हकीकत सांगितली जाते. त्यांनी ती जाहिरात म्हणून केली नव्हती, हे वेगळे सांगायला नको.

आपली हकीकत आपण न सांगितल्यास

आता एक कडू बाजू. आपण गप्प राहिलो तर आपल्या मालाची हकीकत दुसरा सांगतो आणि पैसेही तोच नेतो. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळून बरीच वर्षे झाली. तरीही बाहेरगावी विणलेली चादर ‘सोलापुरी’ म्हणून देशभर विकली जाते, आणि घेणाऱ्याला फरक कळत नाही. का कळत नाही? कारण खरी चादर कशी ओळखावी हे त्याला कोणी सांगितलेच नाही. पद्मशाली, मोमीन आणि इतर विणकरांनी पिढ्यान् पिढ्या जे केले ते चादरीबरोबर एका चिठ्ठीवरही लिहून जात नाही.

जून 2025 मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलान येथील फॅशन शोमध्ये कोल्हापुरी चपलेसारखी चप्पल दाखवली आणि मूळ कारागिरांचा उल्लेखही केला नाही. गदारोळ झाला. कंपनीला ही चप्पल भारतीय हस्तकलेवरून घेतली असल्याचे मान्य करावे लागले, आणि पुढे त्याच वर्षी महाराष्ट्र व कर्नाटकाच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार करावा लागला. कोल्हापुरी चपलेचे 2019 चे मानांकन दोन राज्यांतील आठ जिल्ह्यांना लागू आहे आणि त्यांत सोलापूर जिल्हाही आहे, हे आपल्यापैकी कितींना ठाऊक आहे? नाव आणि हकीकत आधीपासून लोकांना माहीत होती म्हणूनच आवाज उठला. ज्या वस्तूची हकीकत कोणालाच माहीत नाही तिची चोरी झाली तर चोरी झाल्याचेही कळत नाही.

अक्कलकोटात काय करता येईल?

आता प्रत्यक्ष कामाचे. यात्रेकरू आणि गावकरी ही दोन वेगळी गिऱ्हाइके आहेत, हे आम्ही दोन हजार हँडबिले गटारात घालून शिकलो. यात्रेकरूला हलकी, टिकाऊ, पिशवीत मावणारी वस्तू हवी. त्याची नड कोणती? बॅगेची चेन तुटलेली असते, चप्पल तुटलेली असते, मोबाइल बंद पडलेला असतो. मोठ्या प्रवासातला माणूस अशा वेळी रडकुंडीला येतो. एखाद्या बॅग शिवणाऱ्या बांधवाने गुरुवारी ‘बॅगेची चेन पाच मिनिटांत, धावपट्टी नुसती दाबायची असल्यास पैसे नाहीत’ अशी पाटी लावली, तर त्याचे काय जाईल? पक्कड दोनदा दाबावी लागेल. पण तो यात्रेकरू आपल्या गावी जाऊन दहा जणांना सांगेल, आणि पुढच्या वेळी आला की पिशवी त्याच्याकडेच घेईल. आमच्या मते हीच सर्वांत स्वस्त जाहिरात.

पिशवीवरून आठवले. राज्यात 2018 पासून प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे. शिंप्याच्या दुकानात कापडाचे तुकडे पोत्याने पडलेले असतात. त्याच्या पिशव्या शिवून त्यावर रबरी शिक्क्याने दुकानाचे नाव, गल्ली आणि फोन नंबर उमटवला तर ती पिशवी वर्षभर बाजारात फिरते. भाजी घेताना शेजारी उभी असलेली बाई ती वाचते. शिंपी आणि किराणा दुकानदार यांनी मिळून हे केले तर शिंप्याला तुकड्याचे पैसे आणि किराणावाल्याला पिशवी, दोघांचेही काम होते. आपल्याकडे अशी भागी कमीच दिसते. एकाच गल्लीतले बेकरीवाला, अत्तरवाला आणि शिवणकाम करणारा एकमेकांच्या दुकानात एकमेकांची पाटी ठेवायला कचरतात. का, ते आम्हाला आजवर कळलेले नाही.

भाषेचा मुद्दा महत्त्वाचा. आपल्या तालुक्यात निम्मा बाजार कानडीत बोलतो. अफजलपूर, आळंद या बाजूचे शेतकरी खरेदीला येतात. दुकानाची पाटी मराठीत देवनागरी लिपीत असणे कायद्याने आवश्यक आहेच, पण खाली एक ओळ कानडीत लिहायला पेंटर कितीसे जास्त घेणार? तुरीचे पैसे हातात पडले की दुधनीच्या बाजारातून निघालेला शेतकरी आपल्या भाषेतली ओळ पाहून थांबतो. उर्दू पाटी आपल्या भावनेसाठी जरूर लावावी, पण तिने नवे गिऱ्हाईक येईल अशी अपेक्षा ठेवू नये.

बेकरी किंवा खाद्यपदार्थवाल्यांसाठी वास हीच जाहिरात आहे. भट्टीतून खारी, नानकटाई निघण्याची वेळ ठरवून ठेवावी आणि पाटीवर लिहावी. ‘संध्याकाळी पाच वाजता गरम’ असे लिहिले की पाचला माणसे येतात, आणि पाच माणसे उभी दिसली की सहावा विचारतो, काय मिळते? शेंगा चटणी आणि कडक भाकरी हा आपल्या जिल्ह्याचा प्रसिद्ध माल घरोघरी आपल्या भगिनी करतात. त्याच्या पुडक्यात एक छोटी चिठ्ठी घालावी : ज्वारी कुठल्या रानातली, चटणी उखळात कुटलेली की मशीनची, किती दिवस टिकते. मशीनची असेल तर मशीनची लिहावी.

मोबाइलबद्दल थोडक्यात. व्हॉट्सअ‍ॅपवर रोज सकाळी शुभेच्छा पाठवणे ही जाहिरात नव्हे, उपद्रव आहे. त्याऐवजी हात काम करताना दाखवावेत. पिंजलेला कापूस, कल्हई केलेल्या पातेल्याची आधीची आणि नंतरची चकाकी, बांगडी भरताना घेतलेले माप यांचे अर्ध्या मिनिटाचे चित्रीकरण घरातला कोणताही मुलगा करील. गिऱ्हाइकाचा चेहरा दाखवायचा तर त्याची परवानगी घ्यावी, भगिनींच्या बाबतीत तर विशेषच. गुगलच्या नकाशावर दुकानाची जागा नोंदवून ठेवावी, ती फुकट आहे. यात्रेकरू गल्ली विचारत नाही, मोबाइल पाहतो.

एक सावधगिरी. गनिमी काव्याचा अर्थ कोणाच्याही भिंतीवर रात्री चिठ्ठ्या चिकटवणे असा काढू नये. सार्वजनिक जागा विद्रूप करण्याविरुद्ध राज्यात 1995 चा कायदा आहे. शिवाय ज्याची भिंत खराब झाली तो तुमचा गिऱ्हाईक कधीच होणार नाही.

नाव लपवावे का?

हा प्रश्न आम्हाला अनेक तरुण विचारतात, म्हणून टाळत नाही. तीर्थक्षेत्राच्या गावात काही गिऱ्हाईक पाटीवरचे मुसलमानी नाव वाचून पुढे जाते. असे घडते, नाही म्हणण्यात अर्थ नाही. जुलै 2024 मध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या वाटेवर दुकानदारांना नावे लावायची सक्ती झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली, हेही सर्वांनी वाचले आहे. सक्ती वेगळी आणि आपण होऊन नाव लावणे वेगळे. कोणी आपल्या दुकानाला तटस्थ नाव द्यावे, तो त्याचा हक्क आहे, त्यात खोटेपणा नाही. पण दुसऱ्याच धर्माचा वाटावा असा मालक उभा करणे, गळ्यात काही घालून बसणे, हे आम्हाला पटत नाही. एक तर ती फसवणूक आहे. आणि उघडकीस आली की एका दुकानाचे नव्हे, साऱ्या गल्लीचे नाव जाते.

उलट पूर्ण नाव आणि त्याखाली आपली हकीकत असे लिहून पाहावे. आमच्या टांग्याच्या बोर्डावर वडिलांचे पूर्ण नाव आहे. टांग्यात बसणारे सगळे यात्रेकरूच होते. एकदा पुण्याच्या एका कुटुंबाने बोर्डापुढे उभे राहून फोटो काढला, कारण त्यांच्या आजीने अशाच टांग्यातून अक्कलकोटला आल्याचे त्यांना सांगितले होते. त्यांनी घेतले काय, तर एक छोटी उशी. पण आजीसाठी घेतली. सगळेच असे वागतील असे नाही. नाव वाचून पुढे जाणारे आजही जातात. त्यांच्यामागे धावण्यात दिवस घालवण्यापेक्षा जे थांबतात त्यांच्याकडे लक्ष दिलेले बरे, असे आम्ही ठरवले आहे.

वही ठेवा

सर्वांत शेवटी हिशेब. पैसे कमी असणाऱ्याला कुठल्या उपायाने गिऱ्हाईक आले हे माहीत असलेच पाहिजे. मोठी कंपनी दहा ठिकाणी पैसे उधळू शकते, आपण नाही. यासाठी एक साधी वही पुरते. नवे गिऱ्हाईक आले की माल बांधता बांधता सहज विचारावे, “आमच्याकडे कसं काय आलात?” जे उत्तर मिळेल त्यापुढे एक रेघ मारावी. महिन्याच्या शेवटी रेघा मोजाव्यात. ज्यापुढे रेघा नाहीत तो खर्च पुढच्या महिन्यात बंद.

आम्ही त्या वर्षीपासून अशी वही ठेवतो. पहिल्या वर्षाच्या पानावर हँडबिलापुढे दोन रेघा आहेत. फ्लेक्सपुढे एक, आणि तोही छापणाऱ्याचा मेहुणा होता. बोर्डावरचा टांगा पाहून आलेले एकतीस. ‘आप्पांनी पाठवले’ यापुढे आम्ही सुरुवातीला रेघा मारल्या, मग जागा पुरेना म्हणून त्यांच्यासाठी वेगळे पान केले.